हँगरच्या दारावरची झडती

कोंबडीच्या पिल्लांना ऊब देणं हा माझा धंदा. उन्हाळ्यात घर गार कसं ठेवायचं हे आमच्या वर्धा जिल्ह्यात शेंबडं पोरगंही सांगेल, पण हिवाळ्यात पत्र्याचं शेड गरम कसं ठेवायचं असं विचारलं की भले भले डोकं खाजवतात. एका दिवसाच्या पिल्लाला बत्तीस अंश लागतात. जानेवारीत पहाटे आमच्याकडे पारा आठावर येतो. मधले चोवीस अंश मी भरून देते. नाचणगावपासून पार समुद्रपूरपर्यंत कोणत्याही कुक्कुटपालनवाल्याला विचारा, तो पिल्लांच्या शेडवाल्या भावनाताईंचाच नंबर देईल.

त्यामुळे डिसेंबरात एका माणसाचा फोन आला आणि पिल्लं नाहीत, विमान आहे, असं तो म्हणाला तेव्हा कोणीतरी माझी फिरकी घेतंय असंच मला वाटलं. पण गडी गंभीर होता. हिंगणघाटला वेणेच्या पलीकडे त्याचं शेत होतं. त्यात त्याने धावपट्टी सपाट करून घेतली होती आणि कडेला पत्र्याचं हँगर उभारलं होतं. आत दोन माणसांचं छोटं विमान जुळवणं चाललं होतं. सुटे भाग परदेशातून खोक्यांत आले होते. या विमानाला आडवा सलग असा एकच पंख, त्याला वरून पातळ आवरणाची कातडी चिकटवायची असते आणि त्या चिकटद्रव्याला थंडी चालत नाही. वीस अंशांच्या खाली गेलं की ते कच्चं राहतं. एक पंख त्याने असाच वाया घालवला होता. खोलीत ठेवायचे तीन हीटर लावले, तर सगळी ऊब पत्र्याला जाऊन चिकटली आणि पत्र्याचं दव पंखावर टपकलं. मग कोळशाच्या शेगड्या ठेवल्या, तर कामावरचा माणूस चक्कर येऊन पडला. आता दुसरा पंख आला होता आणि तिसरा येणार नव्हता, कारण ती कंपनीच बंद पडली होती.

"ताई, मले फक्त वीस अंश पाह्यजे," तो म्हणाला. "चोवीस तास. त्याच्या खाली एक मिनिट नाई."

मी नाव विचारलं. तो म्हणाला, गजेंद्र, जिनिंगवाल्या भैय्याजींचा मुलगा.

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. समोर ओट्यावर बाबा उन्हात बसून वांगी चिरत होते. उजव्या हातात सुरी नीट धरता येत नाही, म्हणून ते डाव्या हाताने चिरतात. मी त्यांच्या त्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि गजेंद्रला सांगितलं की उद्याच येईन.

आता ही गोष्ट सांगायलाच हवी. माझे बाबा, बाबाराव, पुलगावला भैय्याजींच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, गेटवर तीस वर्षं होते. जिनिंगमध्ये कापसाच्या घराएवढ्या गंज्या उघड्यावर पडलेल्या असतात. एक ठिणगी पडली तर सगळा हंगाम राख. म्हणून गेटवर प्रत्येकाची झडती होते आणि विडी-काडी तिथेच काढून ठेवावी लागते. त्यासाठी बाबांनी स्वतःच्या हाताने सागवानी फळ्यांचा एक खोका केला होता, चाळीस कप्प्यांचा. सकाळी प्रत्येक मजुराची विडी आणि आगपेटी त्याच्या कप्प्यात जायची आणि संध्याकाळी तीच त्याला परत मिळायची. कोणाचा कप्पा कोणता हे बाबांना तोंडपाठ होतं. स्वतः बाबांनी जन्मात विडी ओढली नाही. आई गमतीने म्हणायची की या माणसाला विडी पेटवायची कोणत्या टोकाने हेही ठाऊक नसेल.

झडती सगळ्यांची व्हायची, फक्त मालकाच्या घरच्यांची नाही. असा काही लेखी नियम नव्हता. पण मालकाच्या खिशात हात कोण घालणार? भैय्याजींची गाडी आली की बाबा गेट उघडून बाजूला उभे राहायचे.

तेरा वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गजेंद्र कॉलेजातून घरी आला होता. बावीस वर्षांचा असेल. तेव्हा ते आकाशात सोडायचे कागदी कंदील नवे नवे निघाले होते. वर उडणाऱ्या वस्तूंचं त्याला आधीपासूनच वेड. संध्याकाळी तो गेटमधून आत गेला, गंज्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याने कंदील पेटवला आणि सोडला. वारा फिरला आणि कंदील आडवा होऊन तिसऱ्या गंजीवर टेकला. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं. वाळूच्या बादल्या घेऊन धावणारे पहिले तेच होते, आणि पेटलेल्या कापसात हात घालून त्यांनी ताडपत्री ओढली ती याच उजव्या हाताने. तोवर गजेंद्र मागच्या दाराने निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली. आत काडी आली कुठून? तर सगळ्या मजुरांच्या काड्या बाबांच्याच खोक्यात. बाबारावांनीच एक विडी ओढली असणार, असं कोणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. बाबा हाताला पट्ट्या बांधून तीनदा गजेंद्रकडे गेले. तुम्हीच सांगा मालकांना, माझ्या तोंडून शोभत नाही, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. गजेंद्र तिन्ही वेळा एकच बोलला: "पाहू काका, सांगीन." मग सुट्टी संपली आणि तो निघून गेला.

ज्या गेटवर माणसाने तीस वर्षं काड्या गोळा केल्या, त्याच गेटवर त्याला विडीवाला म्हणून हाकलून दिलं. पुलगावकडे दारूगोळ्याच्या डेपोपासून दुसऱ्या जिनिंगांपर्यंत आगकाडी चालत नाही अशा जागा कमी नाहीत, पण जिथे जिथे बाबा काम मागायला गेले तिथे ते नाव त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. आई बाजारात गेली की बाया विचारायच्या, विडीवाल्याच्या घरची ना? आई चार वर्षांपूर्वी गेली, ती हेच ऐकत ऐकत गेली. मी बाबांना नाचणगावला माझ्याकडे घेऊन आले. सोबत त्यांनी फक्त तो खोका आणला.

तर हा गजेंद्र आता माझ्याकडे वीस अंश मागत होता. मला काय वाटलं ते लपवत नाही. मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी हँगर पाहायला गेले. त्याने मला ओळखलं नाही. कसा ओळखणार, गेटवरच्या माणसाला मुलगी असते हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नसेल. चेहऱ्याने तो चांगला होता, बोलायलाही गोड, आणि त्याचाच मला जास्त राग आला. पंखाला हात लावताना तो असा जपून लावत होता की लहान लेकराला आंघोळ घालतोय असं वाटावं. म्हणाला, "ताई, नऊ वर्षं झाली या विमानाच्या मागे लागून."

मी मनात म्हटलं, आमची तेरा झाली.

काम मात्र मी मन लावून केलं. खोटं काम मला करता येत नाही, आणि मला तो पंख अर्धवट नको होता. चांगला चिकटत आलेला, हातातोंडाशी आलेला असा पाहिजे होता. मी त्याला सांगितलं की पिल्लं थोडी असली तर आपण सगळं शेड तापवत नाही, पडदे टाकून कोपरा करतो. त्या मोठ्या हँगरमध्ये पंखापुरती एक खोली उभारली, बांबूच्या चौकटीवर आतून प्लास्टिक आणि बाहेरून बारदाना. भुशाची भट्टी हँगरच्या बाहेर ठेवली आणि ब्लोअरने गरम हवा एका जाड पाइपातून आत सोडली, म्हणजे धूर नाही, दव नाही आणि आत जाळही नाही. पत्र्याला आतून काय लावायचं यावर मात्र तो अडून बसला. घरचं जिनिंग असताना बाहेरचं काही कशाला, असं म्हणून त्याने गाडीभर कापूस पाठवला. आम्ही त्याच्या गाद्या शिवल्या आणि भिंतींना आणि छताला एक एक वीत जागा सोडून ठोकल्या. माझ्यासोबतचा प्रेमदास म्हणाला की हँगरच्या आत उभं राहिलं तर गोधडीत शिरल्यासारखं वाटतं.

घरी आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. फक्त माझ्या मनात काय आहे ते सांगितलं नाही. पंख चिकटवल्यावर पहाटे सहाला, गारठा सगळ्यात जास्त असतो तेव्हा, मी पाइप काढणार होते आणि पडदे उघडणार होते. रात्रीच काढू शकले असते, पण मला ते गजेंद्रच्या डोळ्यांदेखत करायचं होतं. पंख मरताना त्याने पाहावं, तीनदा हात जोडावेत, आणि मी म्हणावं, पाहू, सांगीन.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. कोणाचं हँगर, हे ऐकूनही त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भिंतीले कापूस हाय म्हणतं. मंग दारावर कोन हाय?"

मी म्हटलं, दारावर कोणी नाही.

"कापूस हाय अन् दारावर कोनी नाई?" ते म्हणाले आणि उठून आतून खोका घेऊन आले. फडक्याने पुसायला लागले. त्यांना मी अडवलं नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी चारला गजेंद्रने आणि त्याच्या माणसांनी पंखावर कातडी चढवली. बाबा माझ्या पिकअपच्या केबिनमध्ये चादर घेऊन बसले होते. गजेंद्र इतका घाईत होता की त्याने तिकडे पाहिलंही नाही. सगळं दाबून, वजनं ठेवून झाल्यावर तो नऊ वाजता घरी गेला. जाताना माझ्या हातातल्या तापमापकाकडे दहादा पाहून गेला. हा तापमापक पिल्लांच्या शेडचा. एक तुकडा आत टांगायचा, दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे सारखं आत जाऊन पिल्लं बिचकवावी लागत नाहीत. सगळ्यात खाली पारा किती गेला तेही तो लक्षात ठेवतो. मागे एक बारीक बटण असतं, ते दाबलं की विसरतो.

रात्रभर सव्वीस अंश होते, आकडा हलला नाही. असं काम मी आजवर केलं नव्हतं.

पहाटे बाबा दारावर बसले. लोखंडी खुर्ची, कानाला मफलर, शेजारी स्टुलावर खोका. सहाच्या सुमाराला दोन गाड्या आल्या. पहिलीतून गजेंद्र उतरला आणि पाठोपाठ भैय्याजी. अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, हातात पूजेचं ताट घेऊन. मुलाचं एवढं मोठं काम, तर नारळ फोडून उदबत्ती लावायला ते स्वतः आले होते. दुसऱ्या गाडीतून जिनिंगचे चार जुने मजूर उतरले.

त्यांत नानाजी हमाल होते. त्यांनी बाबांना पाहिलं, खोक्याकडे पाहिलं आणि कोटाच्या खिशातून विडीचं बंडल आणि आगपेटी काढून दुसऱ्या रांगेतल्या चौथ्या कप्प्यात ठेवली. तेरा वर्षांपूर्वी तोच त्यांचा कप्पा होता. बाकीच्या तिघांनीही आपापले कप्पे शोधले.

भैय्याजी सवयीप्रमाणे सरळ आत निघाले. ताटात उदबत्तीच्या पुड्याशेजारी आगपेटी होती. बाबा उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

"मालक," ते म्हणाले, "काडी अठी ठेवा लागते. आत कापूस हाय."

भैय्याजींनी मान वर करून पाहिलं आणि ओळखलं. "बाबाराव? तुले कोनं बसवलं इथं?" मग गजेंद्रकडे वळून म्हणाले, "साऱ्या जिल्ह्यात दुसरा मानूस नाई भेटला तुले? या विडीवाल्याले दारावर बसवलं?"

गजेंद्रचा चेहरा पांढरा पडला होता. तो बाबांच्या हाताकडे पाहत होता.

मी बाजूलाच भट्टीपाशी होते. पाइपाची पट्टी सोडवायला दोन मिनिटं लागतात. मी पट्टी सोडवली, पाइप भिंतीतून ओढून काढला आणि खाली टाकला. गरम हवा उघड्या शेतात जायला लागली. मग आत जाऊन खोलीचे पडदे दोन्ही बाजूंनी वर बांधले आणि हँगरचं मोठं शटर प्रेमदासकडून उघडवलं. बाहेर आठ अंश होते. थंडी कशी आत शिरली ते अंगाला कळलं.

गजेंद्र धावत आला. काय करताय ताई, असं काहीतरी तो बोलत होता. मी खिशातून तापमापक काढला आणि मोठ्याने वाचला, "पंचवीस."

मी भावना, बाबारावांची मुलगी, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. जिनिंगची गंजी कोणी पेटवली ते गजेंद्रभाऊंनी त्यांच्या वडिलांना सांगावं, मग मी पाइप लावते, नाही तर हा पंख आज मरतो.

"ताई, आपन बाजूले बोलू ना," गजेंद्र हळूच म्हणाला. "मी कबूल करतो तुमच्याजवळ. पाहिजे तर लिहून देतो."

"चोवीस," मी म्हटलं.

तो स्वतः पाइप उचलायला वाकला. प्रेमदासने पाइपावर पाय ठेवला. भैय्याजी ताट हातात घेऊन उभेच होते, त्यांना अजून काही समजत नव्हतं. कोणती गंजी, कोण काय बोलतंय, असं ते मजुरांना विचारायला लागले. नानाजी जमिनीकडे पाहत राहिले.

"तेवीस."

"बाबूजी," गजेंद्र म्हणाला. मग एका दमात बोलला, "तो कंदील मी सोडला होता. काडी मीच आत नेली. मालकाचा पोरगा म्हणून काकांनी माझी झडती नाई घेतली. मी मागच्या दारानं पळालो. काका तीनदा माझ्याकडे आले, मी सांगितलं नाई."

भैय्याजींनी ताट खाली ठेवलं. वय झालेला माणूस, वाकायलाही त्यांना वेळ लागला. "हे खरं सांगून राह्यला, का पंखासाठी बोलून राह्यला?"

"खरं आहे."

भैय्याजी बाबांकडे वळले. आता हात जोडतील असं मला वाटलं. पण मालक तो मालकच. "बाबाराव," ते म्हणाले, "मंग तवाच मले काऊन नाई सांगितलं?"

माझं डोकंच फिरलं. तेरा वर्षांनीही चूक आमचीच. तुमच्या घरच्या माणसाचं नाव गेटवरच्या माणसाने घेतलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का, असं मी त्यांना विचारलं. आज तुमचा मुलगा स्वतः बोलला तरी तुम्ही त्यालाच खरं की खोटं विचारता. उद्या सकाळची पाळी सुरू होताना जिनिंगच्या गेटवर, सगळ्या मजुरांसमोर, तुम्ही स्वतःच्या तोंडाने हे सांगणार आहात, असंही मी बजावलं. भैय्याजींनी मान हलवली. मग आगपेटी उचलून त्यांनी खोक्याच्या पहिल्या कप्प्यात ठेवली. तो कप्पा तेरा वर्षांपूर्वीही रिकामाच असायचा.

मी पाइप उचलला. तेवढ्यात बाबा बोलले.

"थांब भावना."

मला वाटलं, आता हे माफ करणार. माझे बाबा तसेच आहेत, मला धास्तीच वाटली. पण ते गजेंद्रकडे पाहत होते.

"मालकाच्या पोराची झडती नाई घेतली, ते माही चूक," ते म्हणाले. "गेटवरच्या मानसाची ते एकच चूक. आता घेतो. हात वर करा, भाऊ."

गजेंद्रने आतल्या पंखाकडे पाहिलं, उघड्या शटरकडे पाहिलं, आणि हात वर केले.

बाबांनी सुरुवात गजेंद्रच्या गळ्यातल्या मफलरपासून केली. तो सोडला, झटकला, घडी करून स्टुलावर ठेवला. मग जॅकेटची चेन खाली ओढली. जळलेल्या बोटांना चेन पकडता येईना, म्हणून दोनदा निसटली. आतला खिसा, बाहेरचा खिसा, छातीवरचा खिसा. किल्ल्या निघाल्या, फोन निघाला, एक रुमाल निघाला. प्रत्येक वस्तू बाबांनी उजेडात धरून पाहिली आणि रांगेत मांडली. कॉलर चाचपली. बाह्यांच्या घड्या उलगडल्या. कमरेचा पट्टा सरकवून पाहिला. चार मजूर, भैय्याजी आणि ड्रायव्हर बघत उभे होते. गजेंद्रची नजर सारखी माझ्या हातातल्या तापमापकाकडे येत होती. मी तो खिशात टाकला आणि आकडे वाचणं बंद केलं.

"काका, लवकर करा ना," तो म्हणाला.

"बूट काढा," बाबा म्हणाले.

त्याने बूट काढले. बाबांनी एकेक बूट उपडा करून ठोकला, आत हात घालून पाहिलं. मोजे काढायला लावले, तेही उलटे केले. गेटवर बाबांच्या पाळीला एका मजुराला कधी अर्धं मिनिट लागायचं नाही, सगळी रांग चालत चालत आत जायची. इतकी सावकाश झडती त्यांनी जन्मात कोणाची घेतली नसेल. शेवटी त्यांनी गजेंद्रच्या दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला, त्या आकसलेल्या तळव्याने त्याच्या गालाजवळून, जणू तो हात त्याला जवळून दिसावा. मग बाजूला झाले आणि गेटवर म्हणायचे तेच म्हणाले.

"काई नाई. जा आत."

मी शटर पाडलं, पडदे सोडले, पाइप लावला. मग हँगरच्या मागे जाऊन खिशातला तापमापक पाहिला. सगळ्यात खाली एकवीस पूर्णांक चार. वीसच्या खाली एकदाही गेला नव्हता. इतका चांगला कोपरा मी केला होता की आठ अंशांची थंडी आत घेऊनही पंख तगला होता. क्षणभर मला माझ्याच कामाचा राग आला. सव्वीस परत यायला अर्धा तास लागला. तो आकडा आला तसं मी मागचं बटण दाबलं. तापमापक विसरला.

दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी गेटवर सगळ्यांसमोर सांगितलं. नानाजींनी मला फोनवर ऐकवलं. आवाज बारीक येत होता, पण शब्द नीट होते. मी फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग उठून आईच्या फोटोपाशी गेले आणि बराच वेळ तिथे उभे राहिले. आता पुलगावच्या बाजारात कोणी त्यांना बाबाराव म्हणून हाक मारली की ते थांबतात आणि बोलतात, पूर्वीसारखे घाईने पुढे जात नाहीत.

आणि गजेंद्र? पंख दिसायला उत्तम झाला आहे. नागपूरहून त्याने जाणकार माणूस आणला. त्या माणसाने नाण्याने ठोकून ठोकून सगळा पंख तपासला, आवाज चांगला आला. पण तो म्हणाला की गारठ्यात कच्चं राहिलेलं आवाजावरून कळत नाही. सगळ्यात खाली किती तापमान गेलं होतं ते सांगा, मग मी सही करतो.

ते मला एकटीला माहीत आहे. एकवीस पूर्णांक चार. पंख पक्का आहे, बिनधास्त उडावं. मला हे रात्री झोपताना आठवतं आणि हसू येतं. एकदा जेवताना बाबांनी विचारलं, पोराचा पंख बरा आहे ना? मी हो म्हटलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरण ओढलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्याला कळवून टाक, असंही ते म्हणाले नाहीत.

गजेंद्र दर रविवारी फोन करतो. कधी विनवण्या, कधी नुसताच गप्प. विमान त्या कापसाच्या गाद्यांमध्ये तसंच उभं आहे, आणि त्या विमानात बसायची त्याची हिंमत होत नाही. गेल्या रविवारी तर तो रडवेला झाला होता. "ताई, चांगलं की वाईट, एकदा सांगून टाका. हे माहीत नसणं मले सहन होत नाई."

तेरा वर्षांचं मी त्याला काही ऐकवलं नाही. त्याला आठवत असेलच.

"पाहू भाऊ," मी म्हटलं, "सांगीन."